पट्टा आवळून हवा अडत नाही

२०२२च्या फेब्रुवारीत मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले. मृत्यूचं कारण म्हणून ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया’ असं छापून आलं, आणि घोरण्याचा विषय पहिल्यांदाच चेष्टेतून बाहेर आला. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते, रक्तातला प्राणवायू उतरतो आणि मेंदू माणसाला दचकवून जागं करतो. तासाला असं पाचपेक्षा कमी वेळा झालं तर ते नॉर्मल धरतात. पंधराच्या पुढे गेलं की मध्यम, तिसाच्या पुढे गेलं की तीव्र. त्यावरचा रुळलेला उपाय म्हणजे सीपॅप: उशाशी एक छोटं मशीन, त्यातून निघालेली नळी, आणि चेहऱ्यावर मास्क.

लोक मशीनची कसून चौकशी करतात. कोणत्या कंपनीचं, आवाज किती, वॉरंटी किती वर्षांची. मास्क मात्र ‘बरोबर येईल तो’. मला हे चप्पल न घालून बघता घेण्यासारखं वाटतं. मशीन बिचारं हवा ढकलण्याचं काम इमानेइतबारे करतं; ती हवा नाकात पोचते की डोळ्यांत जाते, हे मास्क ठरवतो. पलंगाखाली धूळ खात पडलेल्या मशीनमागची कहाणी विचारली, तर ती बहुतेक वेळा मास्कपाशी येऊन थांबते. म्हणून या मास्कविषयी जे काही सर्रास बोललं जातं, ते एकदा तपासून पाहू.

“हवा सुटतेय, अजून थोडं आवळा”

सगळ्यात जुना, सगळ्यात चिवट आणि सगळ्यात त्रासदायक गैरसमज हाच.

आधी हवेचा जोर किती असतो ते बघा. सीपॅपचा दाब पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये मोजतात, आणि घरी वापरायची मशीनं साधारण ४ ते २० या पट्ट्यात चालतात. दहा सेंटिमीटर म्हणजे काय? भांड्यातल्या पाण्यात स्ट्रॉ दहा सेंटिमीटर बुडवून फुंकलं, की तळाशी पहिला बुडबुडा सुटायला जेवढा जोर लागतो तेवढा. दर चौरस सेंटिमीटरला दहा ग्रॅम. नाकावरच्या मास्कचं तोंड समजा वीस चौरस सेंटिमीटरचं आहे, तर हवा तो मास्क चेहऱ्यावरून दोनशे ग्रॅमच्या जोराने ढकलते. पावशेराहूनही कमी! पट्ट्यांना तेवढंच पेलायचं असतं. सकाळी गालावर वळ उठावेत एवढं आवळण्याची गरज या हिशेबात कुठेच बसत नाही.

मग आवळल्यावर हवा आणखी का सुटते? त्याचं उत्तर कुशनच्या बांधणीत आहे. बहुतेक नेझल, म्हणजे नाकावर बसणाऱ्या, मास्कच्या सिलिकॉन कुशनला दोन पदर असतात. बाहेरचा जाड पदर आकार सांभाळतो. आतला पातळ पदर मोकळा असतो. मशीन चालू झालं की हवेने तो फुगतो आणि त्वचेला जाऊन चिकटतो. हवा अडवण्याचं काम हा फुगलेला पदरच करतो. पट्टे आवळले की तो चुरगळतो, त्याला सुरकुती पडते, आणि त्या सुरकुतीतून शिट्टी वाजायला लागते. माणूस झोपेतच पुन्हा पट्टा ओढतो, सुरकुती वाढते, आणि नाकाच्या हाडावर दोन-चार दिवसांत फोड येतो.

दुसरं असं, की मास्क बसवायचा तो आडवं होऊन आणि मशीन चालू ठेवून. ठाण्यातल्या एका स्लीप क्लिनिकच्या मागच्या खोलीत हे फार छान बघायला मिळालं. साठी ओलांडलेले एक गृहस्थ खुर्चीत ताठ बसून मास्क लावून बघत होते आणि “बसला, बसला” म्हणत मान हलवत होते. टेक्निशियन मुलगी म्हणाली, “काका, खुर्चीत सगळ्यांनाच बसतो. घरी झोपता तसे झोपा बघू.” ते कुशीवर वळले, आणि लगेच वरच्या बाजूने फुर्रर्र. त्यांचा हात सवयीने पट्ट्याकडे गेला. तिने उलट चारही वेल्क्रो सैल केले. “आता मास्क बोटभर उचला, फुगू दे त्याला, आणि परत टेकवा. दाबायचा नाही, टेकवायचा.” मग खालचे दोन पट्टे दोन्ही हातांनी एकदम, सारखेच ओढायला लावले. वरचे सगळ्यात शेवटी, तेही जेमतेम. कोपऱ्यातून काकू म्हणाल्या, “अहो, दाबू नका म्हणतेय ती.” त्यांनी हात काढला, आवाज थांबला. पट्ट्याखाली बोट सहज सरकत होतं.

खुर्चीत बसणारा मास्क पलंगावर का सुटतो, तर आडवं झाल्यावर गालाचं मांस कानांकडे ओघळतं आणि चेहऱ्याचा उतारच बदलतो. शिवाय झोप लागल्यावर दाब वाढू शकतो. दाब आपोआप बदलणाऱ्या ऑटो मशीनमध्ये तर तो सतत खाली-वर होत असतो. म्हणून बऱ्याच मशीनमध्ये ‘मास्क फिट’ नावाची सोय असते. ती दाबली की थोडा वेळ जास्त दाबाने हवा येते, आणि पहाटे तीन वाजता जे सुटणार असतं ते झोपायच्या आधीच कळतं. ही सोय माहीत असलेले लोक मला फार कमी भेटलेत.

“माझं तोंड उघडं राहतं, म्हणजे मला फुल फेसच लागणार”

घोरणारा माणूस तोंड उघडं टाकून झोपतो, हे खरंच. त्यामुळे दुकानदारही नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क काढून देतो. ऐकायला तर्कशुद्ध वाटतं. पण सीपॅपचा जन्मच नाकातून झाला. १९८१ साली सिडनीच्या डॉक्टर कॉलिन सुलिव्हन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पाच रुग्णांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात हवा दिली होती ती नाकपुड्यांतून, साडेचार ते दहा सेंटिमीटरच्या दाबाने. आणि त्यांचे घसे रात्रभर उघडे राहिले. घरी मशीन नेणाऱ्या सुरुवातीच्या रुग्णांसाठी नाकाच्या साच्यावरून मास्क बनवत आणि ते रोज रात्री चक्क सिलिकॉनच्या गोंदाने चेहऱ्याला चिकटवत. आजच्या मऊ कुशनबद्दल कुरकुर करणाऱ्याने हे एकदा आठवावं.

नाकच का, याला कारण आहे. हवा फक्त नाकातून आली की तिचा दाब मऊ टाळूच्या मागे पोचतो आणि टाळू पुढे, जिभेवर टेकतो. जीभही पुढेच राहते. घशात जागा होते, आणि तोंडाकडे जाणारी वाट आपोआप मिटते. नाक आणि तोंड दोन्हीकडून सारखाच दाब दिला तर टाळूला आणि जिभेला पुढे राहायला कारण उरत नाही. दोन्ही मागे सरकू शकतात. त्यातच फुल फेस मास्कचे पट्टे हनुवटीला मागे ओढतात. वर मोजला तोच हिशेब इथे मोठा होतो: तोंड साठ चौरस सेंटिमीटरचं असेल, तर दहाच्या दाबाला सहाशे ग्रॅमचा जोर. म्हणजे पट्टे जास्त आवळणं आलं, गळती जास्त, आणि बऱ्याचदा तोच परिणाम साधायला दाबही जास्त. अमेरिकेच्या स्लीप मेडिसिन अकादमीने २०१९च्या मार्गदर्शक सूचनांत सुरुवातीला नाकावरचा किंवा नाकपुड्यांतला मास्कच सुचवला आहे, तो यामुळेच.

मग उघड्या तोंडाचं काय? आधी हे पाहावं की तोंड उघडतंय ते सवयीने, की नाक बंद आहे म्हणून. घसा मिटल्यामुळे जो माणूस तोंडाने हवेसाठी धडपडत होता, त्याचा घसा उघडा राहायला लागला की तोंडही हळूहळू मिटायला लागतं. काही आठवडे द्यावे लागतात. नाक चोंदलेलं असेल तर वेगळा फेरा सुरू होतो. नाकातून आलेली हवा तोंडातून निसटते, कोरडी हवा एकाच दिशेने वाहून नाकाचं अस्तर सुकतं, सुकलेलं अस्तर सुजतं, नाक आणखी बंद होतं, आणि तोंड आणखी उघडतं. सकाळी जीभ टाळूला चिकटलेली असते ती यामुळे. हा फेरा तोडायचा तो मशीनमधला हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर चालू करून, नाकात मिठाच्या पाण्याचा स्प्रे मारून, आणि ॲलर्जी असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून औषध घेऊन. नाकाचं हाड थोडं वाकडं असलं तरी नेझल मास्क चालणारच नाही असं नाही. डॉक्टरांनी तपासून सांगावं. त्यानंतरही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा. आणि हे सगळं करून भागलं नाही, किंवा नाक कायमच बंद राहत असेल, तर फुल फेस आहेच. तो वाईट नाही, फक्त पहिल्या दिवसाचा मास्क नाही.

हल्ली रील्समध्ये ओठांना चिकटपट्टी लावून झोपणारे दिसतात. सीपॅपवाल्याने ते पाहून आपल्या मनाने काही करू नये. नाक अचानक चोंदलं, उलटी आली किंवा वीज गेली, की उघडायला मोकळं तोंड हवं असतं.

“वीज गेली तर गुदमरून मरेन”

लोडशेडिंग पाहिलेल्या माणसाला ही भीती वाटणारच, तिला हसू नये. पण नेझल मास्क लावलेला असताना मशीन बंद पडलं, तर तोंड मोकळं असतं. हवा कोंदट वाटते, माणूस चुळबुळतो, जागा होतो आणि मास्क काढून टाकतो. फुल फेसमध्ये हवा थांबताच बाहेरची हवा आत घेणारा झडपेचा पडदा बसवलेला असतो. म्हणून तो पडदा धुताना उचकटू नये. वीज गेल्यावरचा खरा तोटा गुदमरण्याचा नाही, त्या रात्रीपुरता इलाज बंद पडण्याचा आहे. ज्यांच्याकडे वीज नेहमी जाते त्यांनी मशीनचे वॉट बघून इन्व्हर्टरवर जोडणी करून घ्यावी. ह्युमिडिफायरचा हीटर सगळ्यात जास्त वीज खातो. तो बंद ठेवला तर बॅटरी बरीच जास्त टिकते.

याच भीतीची मावशी म्हणजे ‘यातून ऑक्सिजन येतो, त्याची सवय लागेल’. नळीतून येते ती खोलीतलीच हवा, गाळून आणि दाबाने. सिलिंडर वेगळा लावला नसेल तर ऑक्सिजनचा काही संबंध नाही.

“मास्कलाच भोकं आहेत, डिफेक्टिव्ह पीस दिला”

मास्कच्या पुढे किंवा कोपऱ्यापाशी बारीक छिद्रं असतात आणि त्यांतून सतत सुस्स असा आवाज येतो. ती मुद्दाम ठेवलेली असतात. आपण सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर जायला सीपॅपच्या एका नळीत दुसरी वाट नाही. दहाच्या दाबाला मिनिटाला साधारण तीस लिटर हवा या छिद्रांतून जाते, आणि मशीन ती हिशेबात धरूनच चालतं. या छिद्रांवर सेलोटेप लावलेला मास्क मी पाहिलाय. बायकोची झोपमोड होते म्हणून लावला होता. हे कधीही, कोणत्याही कारणाने करायचं नाही. सोडलेलाच श्वास पुन्हा आत जातो. शेजारच्या माणसाच्या तोंडावर झोत येत असेल तर झोत पसरवणारी बारीक जाळीची छिद्रं असलेला मास्क मिळतो, तो मागावा.

गळती आणि ही छिद्रं यांतला फरक मशीनला कळतो. सकाळी पडद्यावर किंवा ॲपमध्ये ‘लीक’चा आकडा दिसतो तो अनेक मशीनमध्ये फक्त नको असलेल्या गळतीचा. रेझमेड कंपनीच्या मशीनमध्ये मिनिटाला २४ लिटर ही हद्द मानतात. त्याच्या आत असेल तर शून्य करण्याच्या मागे लागून पट्टे आवळत बसू नये. हद्दीबाहेर मात्र श्वास थांबण्याचा आकडाही भरवशाचा राहत नाही, तेव्हा तो कमी दिसतोय म्हणून खूश होण्यात अर्थ नसतो.

“मोठा घ्या, जरा सुटसुटीत राहील”

शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा घेतो, मास्क तसा घेऊन चालत नाही. नाकपुड्यांना न दाबता बसणारा सगळ्यात लहान आकार, हा नियम. नाकावर बसणाऱ्या कुशनची वरची कड हाडाच्या खाली मऊ भागाजवळ टेकली पाहिजे. डोळ्यांच्या मधोमध टेकत असेल, तर मास्क मोठा आहे, आणि हवा डोळ्यांत जाणार. सकाळी डोळे लाल आणि चरचरीत होतात ते बहुतेक यामुळे, झोप झाली नाही म्हणून नाही. खालची कड नाकपुड्या आणि वरचा ओठ यांच्यामध्ये. ओठावर उतरली की बोलताना उचलली जाते. कंपन्यांचे मापाचे कागदी साचे असतात. ते नाकाला लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एका कंपनीचा ‘मीडियम’ दुसरीच्या ‘मीडियम’एवढा असेलच असंही नाही.

नेझल म्हणजे एकच मास्क नव्हे, हेही सांगायला हवं. नाक पूर्ण झाकणारा तिकोनी, नाकाच्या फक्त खालून टेकणारा, आणि नाकपुड्यांच्या तोंडाशी दोन मऊ बोंडं बसवणारा नेझल पिलो अशी तीन घराणी आहेत. झोपण्यापूर्वी चष्मा लावून वाचणाऱ्याला खालून टेकणारा बरा, कारण नाकाचा घाट मोकळा राहतो. झुपकेदार मिशी ठेवणाऱ्यांना तिकोनी मास्कचा त्रास होतो. केसांवर कुशन चिकटत नाही. मिशी काढायला सांगणारे महाभाग आहेत, पण नेझल पिलोने काम होऊ शकतं, आधी ते बघावं. नथ, चमकी, मोरणी असेल तर रात्री काढून ठेवावी. ती कुशनला फाडते आणि कडेने हवाही सोडते. कुशीवर झोपणाऱ्याने नळी डोक्यावरून जोडलेला प्रकार बघावा, वळताना ती गळ्यात अडकत नाही. पिलोचं तोंड अगदी लहान, म्हणून पट्ट्यांवर जोर चाळीस-पन्नास ग्रॅमचाच येतो. दाब जास्त असेल तर काहींना हवेची धार नाकात बोचते. काहींना नाही. वापरून पाहिल्याशिवाय हे कोणी सांगू शकत नाही, म्हणून ‘आठवडाभर वापरून बदलून मिळेल का’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. नुसतं कुशन वेगळं विकत मिळतं का, हा दुसरा.

“झोपताना नाकाला थोडं व्हॅसलीन लावलं की टोचत नाही”

लावू नका. पेट्रोलियम जेली, विक्स, खोबरेल, नाईट क्रीम, या सगळ्यांनी दोन गोष्टी होतात: कुशन चेहऱ्यावरून घसरतं, आणि सिलिकॉन खराब होतं. झोपण्यापूर्वी साबणाने तोंड धुऊन कोरडं करणं हाच उत्तम उपाय. ह्युमिडिफायरच्या पाण्यात निलगिरीचं तेल टाकणाऱ्यांनाही हेच सांगणं. त्याची वाफ थेट फुप्फुसात जाते. पाणी डिस्टिल्डच, आणि रोज बदललेलं. बोअरच्या पाण्याने भांड्याच्या तळाशी पांढरा थर धरतो. गॅरेजमध्ये बॅटरीसाठी विकतात ते पाणीही श्वासासाठी बनवलेलं नसतं.

कुशन रोज सकाळी कोमट पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावं, साबण पूर्ण निघेपर्यंत. ‘सिलिकॉनची ॲलर्जी आहे’ असं वाटणारी खाज अनेकदा राहिलेल्या साबणाची असते. डेटॉल, स्पिरिट, उकळतं पाणी नको. आणि आपल्याकडचा हमखास उपाय, उन्हात वाळवणं, तोही नको. सिलिकॉन पिवळं पडतं आणि कडक होतं. सावलीत, पंख्याखाली. पट्टे आठवड्यातून एकदा धुतले तरी पुरे. कुशन चिवट, चिकट किंवा लिबलिबीत झालं की ते संपलं, भले फाटलेलं दिसत नसो. ताणलेला पट्टा आणि थकलेलं कुशन घेऊन माणूस आवळत राहतो, आणि दोष स्वतःच्या चेहऱ्याला देतो.

एसीच्या खोलीत नळीत पाणी जमून गुळगुळ आवाज येतो, तो बिघाड नाही; गरम ओलसर हवा थंड नळीत निवते. नळी पांघरुणात घ्यावी, मशीन पलंगाच्या पातळीखाली ठेवावं, ओलावा एक घर कमी करावा.

“पहिल्या रात्री जमलं नाही, म्हणजे मला जमणारच नाही”

कोंडल्यासारखं वाटणारा माणूस भित्रा नसतो. त्याने रात्रीची वाट न बघता संध्याकाळी मालिका बघताना मास्क नुसता हातात धरून नाकाला लावावा. मग पट्ट्यांसह. मग मशीन चालू करून. मग दुपारच्या झोपेत. मशीनमधल्या ‘रॅम्प’ सोयीने दाब कमीपासून सुरू होऊन हळूहळू चढतो. एवढं करूनही श्वास सोडताना जोर लागत असेल किंवा पोटात हवा भरून ढेकरा येत असतील, तर ते डॉक्टरांना सांगायचं. दाबाचा आकडा स्वतः बदलायचा नाही.

सकाळी गालावर दिसणारी लाली चहा होईपर्यंत गेली तर काळजी नको. दुपारपर्यंत राहिली, किंवा कातडी सोलली, तर मास्कचा आकार किंवा घराणंच बदलायला हवं. त्याखाली कापूस कोंबून भागत नाही.

राहिलं ते लोहचुंबकाचं. अनेक नव्या मास्कचे पट्टे चुंबकाच्या बटणाने लागतात, अंधारात फार सोयीचं असतं. पण पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, डोक्यातला शंट असं काही शरीरात असेल तर ही बटणं त्यापासून किमान १५ सेंटिमीटर दूर राहिली पाहिजेत. २०२२च्या सप्टेंबरमध्ये फिलिप्सने आपल्या अशा मास्कबद्दल जाहीर इशारा दिला. हा इशारा मास्क लावणाऱ्यापुरता नाही, त्याला खेटून झोपणाऱ्यालाही आहे. म्हणून पेसमेकर आजोबांना आणि मास्क आजीला असला, तरी दुकानात चुंबक नसलेलाच मागायचा.